साडेएकोणतीस तासांचा माणूस

माझ्या आणि जपानमधल्या चांगल्या विम्याच्या मध्ये आठ वर्षं फक्त अर्धा तास उभा होता.

हा अर्धा तास कुठून आला ते सांगतो. जपानात पूर्णवेळ नोकरदार आठवड्याला चाळीस तास काम करतो. त्याच्या पाऊणपट, म्हणजे तीस तास तुमचे भरले, की मालकाला तुम्हाला ‘शाकाई होकेन’मध्ये घ्यावंच लागायचं. शाकाई होकेन म्हणजे नोकरदारांचा विमा. आजारपण आणि पेन्शन दोन्ही त्यात, आणि निम्मा हप्ता मालकाच्या खिशातून. मालक मंडळी सगळ्या मुलखांत एकाच मातीची. परदेशी मास्तर आणून शाळांना पुरवायच्या धंद्यात कुणाच्या तरी लक्षात आलं, की तीस तासांना विमा द्यावा लागतो, साडेएकोणतिसाला लागत नाही. वाणी जसा सुटे नाहीत म्हणून आठ आणे स्वतःकडेच ठेवतो आणि आपल्या हातावर लिमलेटची गोळी टेकवतो, तसा कंपनीने माझा अर्धा तास ठेवून घेतला आणि २०१४च्या एप्रिलात मला टोकियोजवळच्या एका गावात इंग्रजी शिकवायला उभं केलं.

करार आला तेव्हा मी कराडला होतो. बायकोने तो माझ्याआधी वाचला. ती शाळेत गणित शिकवते.

“अहो, साडेएकोणतीसच का? तीस का नाही?”

“जपानी लोक वक्तशीर असतात,” मी म्हणालो.

तिथे गेल्यावर कळलं की मी सकाळी साडेआठला शाळेत हजर राहायचं आणि चारला सुटायचं. साडेसात तास, आठवड्याचे पाच दिवस. साडेसदतीस होतात. मी हे कंपनीच्या माणसाला विचारलं. त्याने फार अदबीने एक तक्ता काढला. दोन तासांमधली सुट्टी, मधली सुट्टी, जेवणाची सुट्टी असं सगळं मिळून दिवसाला शहाण्णव मिनिटं मी ‘विश्रांती’ घेत होतो. म्हणजे काम उरलं पाच तास चोपन्न मिनिटं. त्याला पाचाने गुणा. गणित चुकलेलं असतं तर भांडता आलं असतं.

या विश्रांतीत मी काय करायचो? सहावीची मुलं भोवती जमून विचारायची, “सेन्सेई, भारतात तुम्ही हत्तीवरून शाळेत जात होता का?” हत्तीचं उत्तर बिनपगारी होतं. जेवणाच्या सुट्टीत वर्गात बसून मुलांबरोबर शाळेचं जेवण जेवायचं आणि वाटीतल्या सूपमधून मासा काड्यांनी काढत “आय लाइक मिल्क” म्हणून दाखवायचं, हीही विश्रांतीच. घंटा वाजली की मी नोकर, पुन्हा वाजली की पाहुणा. दिवसातून बारा वेळा माझी नोकरी जायची आणि यायची.

आता निघण्यापूर्वीची गोष्ट. आमच्या गल्लीत एक विमाकाका आहेत. गल्लीतला एकही माणूस त्यांनी सही घेतल्याशिवाय सोडलेला नाही. परदेशी जाणारा मास्तर म्हटल्यावर ते दुसऱ्याच दिवशी चामडी बॅग घेऊन हजर झाले.

“मास्तर, निर्धास्त जावा. तिकडं काय बी होऊ द्या, पॉलिसी हाय.”

“दात दुखला तर?”

“दात न्हाई यात.”

“डोळे?”

“चष्मा इथनंच जास्तीचा न्या.”

“पित्ताचा त्रास आहे मला, जुना.”

“जुनं कायच चालत न्हाई. नवीन काढा काहीतरी.”

“मग यात आहे काय, काका?”

काकांचा चेहरा उजळला. एवढा वेळ ते याच प्रश्नाची वाट बघत होते. त्यांनी खुर्ची पुढे ओढली. “बॉडी, मास्तर! तिकडं काय बरंवाईट झालं, तर बॉडी फुकट. टोकियोवरनं विमानानं मुंबई, मुंबईवरनं गाडीनं कराड. घरपोच. तुमच्या घरच्यांना एक रुपया पडणार न्हाई.”

आतून चहा घेऊन येणारी आई दारातच थांबली. काकांनी तिला धीर दिला, “वहिनी, पेटी पण त्यांचीच असते.”

मी पॉलिसी घेतली. आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी माझा जाण्या-येण्याचा खर्च करायला तयार होतं. येण्याचाच, पण तरी.

जपानात उतरल्यावर कळलं, की काकांच्या पॉलिसीला तिथलं सरकार विचारत नाही. १९६१ पासून त्या देशात असा नियम आहे, की माणूस आहे म्हणजे त्याला विमा आहे. नोकरीतून मिळाला तर ठीक, नाहीतर गावच्या कचेरीत जाऊन ‘कोकुमिन केन्को होकेन’ घ्यायचा. तीन महिन्यांपेक्षा जास्त राहणारा परदेशी माणूसही त्यात आला. चौदा दिवसांत नाव नोंदवायचं. मग दवाखान्यात गेलात की बिलातले तीस टक्के तुमचे, सत्तर टक्के विम्याचे.

कचेरीतल्या बाईंनी नावासाठी चौकोन-चौकोन छापलेला कागद पुढे केला. जपानी लिपीला जोडाक्षराचं वावडं आहे. एक ‘न’ सोडला तर व्यंजनाला स्वर हवाच. त्यामुळे कुलकर्णी हे आडनाव तिथे ‘कुरुकारुनी’ होतं. रहाटाला तेल घातलेलं नसलं की असा आवाज येतो. शिवाय पासपोर्टवर माझ्या नावापुढे वडिलांचं नाव आहे आणि ते सगळं मिळून एकच नाव आहे, असा जपान सरकारचा समज झाला. चौकोन संपले. बाईंनी विचार केला, वरिष्ठांना विचारलं, वरिष्ठांनी त्यांच्या वरिष्ठांना विचारलं, आणि अखेर विम्याच्या कार्डावर आडनावाबरोबर जे ठळकपणे मावलं ते माझं नाव नव्हतं. ते वडिलांचं होतं. आमच्या वडिलांनी हयातीत सातारा जिल्हा फारसा ओलांडला नाही. ते वारल्यावर जपानच्या विम्यात दाखल झाले.

जूनमध्ये हप्त्याचा लिफाफा आला. जून ते मार्च दहा हप्ते, प्रत्येकी चौदाशे येन. म्हणजे आठशे रुपये! मी घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर लिहिलं, “इथे महिना आठशे रुपयांत सत्तर टक्के खर्च सरकारचा. आपल्याकडे कधी शहाणे होणार?” भावाने अंगठा पाठवला. मेहुण्यांनी देशाच्या परिस्थितीवर मोठा उतारा पाठवला. आईने ती बातमी गल्लीत सांगितली आणि विमाकाका दोन महिने आमच्या दारावरून मान वळवून गेले.

बाईंनी नोंदणीच्या दिवशीच काहीतरी समजावून सांगितलं होतं. त्यात ‘गेल्या वर्षीचं उत्पन्न’ असे शब्द होते. माझं जपानी तेव्हा भाजी घेण्यापुरतं होतं आणि चौदाशे हा आकडा इतका गोजिरवाणा होता, की मी पुढचं ऐकलं नाही.

हप्ता गेल्या वर्षी तुम्ही जपानात काय कमावलंत त्यावर ठरतो. पहिल्या वर्षी माझी गेल्या वर्षीची जपानी कमाई शून्य होती. दुसऱ्या जूनमध्ये लिफाफा आला तो पंधरा हजारांचा. दहा हप्ते, प्रत्येकी पंधरा हजार येन. एक शून्य चुकून जास्त पडलं असणार, अशी माझी खात्री होती. तो लिफाफा घेऊन, त्यांना फार वाईट वाटू नये अशा बेताने हसत, मी कचेरीत गेलो. बाईंनी आकडे पेन्सिलीने माझ्यापुढे मांडून दाखवले. शून्य आपल्या जागी होतं.

“पण गेल्या वर्षी मी एकदाही आजारी पडलो नाही,” मी म्हणालो.

“फार आभारी आहोत,” बाई म्हणाल्या आणि वाकल्या.

हा हप्ता तिथे कोपऱ्यावरच्या दुकानातही भरता येतो. मी जेवणाचा डबा आणि हप्त्याची चिठ्ठी एकदमच काउंटरवर ठेवली. पोराने विचारलं, “गरम करून देऊ का?” तो डब्याबद्दल विचारत होता हे मला घरी आल्यावर समजलं. मी त्याला “आधीच चटका बसलाय” असं मराठीत सांगून आलो होतो.

आमच्या शिक्षकांत एक न्यूझीलंडचा गृहस्थ होता. अशा ठिकाणी असा एक जण असतोच. त्याला सगळ्या पळवाटा माहीत असतात आणि तो त्या मोफत वाटतो. त्याने सांगितलं, “मी नोंदणीच केली नाही. तीन वर्षं झाली. कुणी विचारत नाही.” मला त्याचा इतका हेवा वाटला, की त्याच्याबरोबर कॉफी प्यायचं सोडलं. मग त्या हिवाळ्यात तो बर्फावर घसरायला गेला आणि पायाने नको ती दिशा धरली. कुबड्या घेऊन तो गावच्या कचेरीत विमा काढायला गेला. त्यांनी आनंदाने काढून दिला. नोंदणी गावात आल्या दिवसापासूनची धरली आणि मागची थकबाकीही हातात ठेवली. पाय मात्र नोंदणीच्या आधी मोडला होता, त्याचा खर्च त्याचा त्याने करायचा. तेव्हापासून तो सगळ्यांना सांगतो, नोंदणी चौदा दिवसांत करा. तेही मोफतच सांगतो.

पण माझ्यापुढचा प्रश्न निराळा होता. वर्षाला दीड लाख येन भरतोय आणि प्रकृती ठणठणीत! हा तोटा मराठी माणसाला झोप लागू देत नाही. लग्नात पाच हजारांचं पाकीट देऊन उपास निघावा, तसं झालं होतं. शिंक आली की मी आशेने दुसरीची वाट बघायचो. आईने फोनवर “तब्येत कशी आहे?” विचारलं की आवाज पाडून सांगायचो, “उत्तम.”

फेब्रुवारीत एकदाचं पोट दुखलं. मी जवळजवळ धावतच दवाखाना गाठला.

जपानी लोकांतच एक म्हण आहे, तीन तास वाट आणि तीन मिनिटं तपासणी. माझा पहिला भाग चालू होता. खोलीत पंचवीस-तीस माणसं, सगळ्यांच्या तोंडावर मास्क आणि सुईही पडली तर माफी मागेल अशी शांतता. तेवढ्यात काउंटरवरची मुलगी कार्ड बघून खणखणीत आवाजात म्हणाली,

“पांदुरांगु-सामा!”

तिथल्या दवाखान्यात आदराने नावापुढे ‘सामा’ लावतात. पण हे मला नंतर आठवलं. ऐन पोटदुखीत, परमुलखात, कुणी पांडुरंगाचा पुकारा केला म्हटल्यावर मी उठलो तो हात जोडूनच. मुलीने ते बघून कंबरेतून वाकून नमस्कार केला. मी अजून वाकलो. शेजारच्या आजोबांना वाटलं कुणीतरी मोठी असामी आहे, ते बसल्या जागी वाकले. माझे वडील पहिल्यांदा परदेशात आले होते आणि त्यांचं स्वागत बरं झालं.

आत डॉक्टरांनी विचारलं, “कसं दुखतंय?”

शाळेने त्यांना कळवलं होतं की हे इंग्रजीचे शिक्षक आहेत. म्हणून मी इंग्रजीत सांगितलं, “पेन.”

“हो, पण कसलं? शिकु-शिकु? किरी-किरी?”

मी एवढ्यात किरकिर केलेली नव्हती, तरी ओशाळलो.

“की चिकु-चिकु?”

“नाही, फक्त बटाट्याची भाजी खाल्ली होती,” मी म्हणालो.

मग उलगडा झाला. जपानीत दुखण्याला आवाज असतात. मंद कुरतडल्यासारखं दुखलं की शिकु-शिकु, तीव्र पिळवटलं की किरी-किरी, टोचलं की चिकु-चिकु, गळू ठसठसलं की झुकि-झुकि, डोकं घणघणलं की गान-गान. मला एकदम माहेरी आल्यासारखं वाटलं. बावीस वर्षं इंग्रजी शिकलो-शिकवलं, पण त्या भाषेत माझ्या हाताशी एक ‘पेन’ आणि एक ‘एक’, बाकी सगळा कोरडा दुष्काळ. आणि आपल्याकडे? कळ येते, चमक मारते, मुरडा पडतो, ढवळतं, ठणकतं, चुरचुरतं, मळमळतं. मी इंग्रजी टाकून दिली आणि हातवारे करत सरळ मराठीत सुरू केलं, “आधी मुरडा पडतो, मग एक कळ इथून तिथे जाते, आणि मग नुसतं गुडगुड, गुडगुड.”

“गोरो-गोरो!” डॉक्टर आनंदाने ओरडले.

“गोरो-गोरो!” मी म्हणालो. आम्ही दोघेही खूश झालो. तीन मिनिटं संपली होती.

पाच दिवसांच्या पुड्या मिळाल्या. त्या तोंडात टाकल्या की तोंडाचंच वाळवंट होतं, पण पोट थांबलं. औषधासकट बिल झालं सहा हजार सहाशे, त्यातले माझे एक हजार नऊशे ऐंशी. मी त्याच रात्री वहीत लिहिलं: सरकारकडून वसूल चार हजार सहाशे वीस, बाकी एक लाख पंचेचाळीस हजार तीनशे ऐंशी. दातही मी याच हिशेबात उरकून घेतला, कारण तिथल्या विम्यात दात आहेत. फक्त एका दाताला सात फेऱ्या पडल्या. प्रत्येक फेरीत ते थोडंसं कोरत, माफी मागत आणि पुढच्या गुरुवारी बोलवत. मालिकेसारखं होतं ते, पण शेवट चांगला केला.

२०१८ साली मी चाळीस वर्षांचा झालो. आपल्याकडे चाळिशी लागली की चष्मा लागतो, तिथे दोन गोष्टी लागतात. पहिली म्हणजे म्हातारपणीच्या शुश्रूषेच्या विम्याचा जादा हप्ता. चाळिसाव्या वाढदिवसाला सरकार आठवण ठेवून तुमचं म्हातारपण सुरू करतं. दुसरी म्हणजे टेप. चाळीस ते चौऱ्याहत्तर वयाच्या सगळ्यांची २००८ पासून तिथे खास तपासणी होते आणि तीत पोटाचा घेर मोजतात. पुरुषाला पंच्याऐंशी सेंटिमीटरच्या आत राहायला सांगतात. बायकांना नव्वद. आमच्या गावात ही तपासणी मोफत होती, म्हणून मी गेलो.

परिचारिकेने टेप लावली. मी श्वास आत घेतला. तिने शांतपणे सांगितलं, “श्वास सोडा.” मी थोडासा सोडला. “सगळा.” त्र्याण्णव! तिने तो आकडा मोठ्याने नाही, कुजबुजत सांगितला, एखाद्याच्या घरची वाईट बातमी सांगावी तसा. मग मला एका बाईंसमोर बसवलं. त्यांनी माझ्या जेवणाची चौकशी केली. पुरणपोळी म्हणजे काय, हे मी जपानीत समजावलं: गोड डाळ भरलेली पोळी, वर तूप. त्या लिहीत होत्या. “आणि ही किती दिवसांतून?” “सणाला.” “सण किती असतात?” मी मोजायला लागलो, तसं त्यांनी पेन खाली ठेवलं.

पुढच्या वर्षीच्या सप्टेंबरात निशी-कासाईला गेलो होतो. टोकियोत आपल्या लोकांची दाट वस्ती तिथे आहे, म्हणून कणीक तिथून आणायची. दहा किलोची पिशवी खांद्यावर घेऊन स्टेशनचा जिना चढताना जांघेत चमक मारली. डॉक्टर म्हणाले, हर्निया. घाई नाही, पण ऑपरेशन करून टाकू, सत्तावीस सप्टेंबर मोकळा आहे.

इथे मला आणखी एक नियम कळला. एका महिन्यात तुमचा वाटा अमुक रकमेच्या वर गेला, की वरचं सगळं विमा भरतो. माझ्या कमाईच्या माणसाला ती रक्कम तेव्हा सत्तावन्न हजार सहाशे येन होती. त्याचा दाखला आधी कचेरीतून आणला की दवाखान्यात तेवढेच भरायचे. पण महिना म्हणजे कॅलेंडरचा महिना. सत्तावीसला दाखल होऊन दोन तारखेला सुटलात, तर दोन महिने, दोन वेगळे हिशेब. तेव्हा मी डॉक्टरांना म्हणालो, एक ऑक्टोबर चालेल का?

हे आईला फोनवर सांगितलं. तिने पंचांग काढलं.

“सत्तावीसला नाहीच. पितृपक्ष आहे.”

“म्हणून तर एकला घेतोय.”

“एकला घट बसलेले असतात. नवरात्रात अंगाला सुरी लावायची?”

“आई, तिकडे घट नाहीत.”

“तू आहेस ना तिकडे?”

“मग आठला?”

“आठला दसरा. दसऱ्याला हत्यारांची पूजा करतात, त्यांना काम लावत नाहीत.”

मी पुन्हा डॉक्टरांकडे गेलो. एक नको, नऊ तारीख द्या. त्यांनी कारण विचारलं. मी सांगितलं, तोपर्यंत आमच्याकडे शस्त्रं सुट्टीवर असतात. त्यांनी हे कागदावर लिहून घेतलं. काय लिहिलं ते बघायची माझी हिंमत झाली नाही.

दवाखान्याला जामीनदार लागतो. शाळेच्या उपमुख्याध्यापकांनी शिक्का मारला आणि जाता जाता हळूच विचारलं, “किती दिवस रजा?” पाच-सहा. बिनपगारी. नोकरदार विम्यातल्या माणसाला आजारपणात पगाराच्या दोन तृतीयांश मिळतात, आमच्या गावच्या विम्यात ते नाही. तो अर्धा तास जांघेपर्यंत पोचला होता.

नऊला दाखल झालो, दहाला ऑपरेशन झालं. बाराला घरी सोडणार होते, आणि त्याच दिवशी ‘हागिबिस’ हे वादळ येऊन धडकलं. लोकल गाड्या आदल्या दिवशी जाहीर करून बंद ठेवल्या होत्या. नद्यांचे बांध फुटले, किती जणांची माणसं आणि घरं गेली. त्यात हसण्यासारखं काही नाही. मी मात्र चौथ्या मजल्यावर सुरक्षित पडून होतो आणि फोनवर आई म्हणत होती, “बघ, निदान छप्पर तरी पक्कं मिळालं. एक तारखेला गेला असतास तर आज घरी एकटा असतास.” पंचांगाचं खातं जमेच्या बाजूला गेलं. चौदाला सोडतील म्हटलं, तर त्या दिवशी राष्ट्रीय सुट्टी निघाली: आरोग्य आणि क्रीडा दिन. आरोग्य दिनामुळे दवाखान्याची हिशेबाची खिडकी बंद.

आणि तेव्हा, सलाइनच्या बाटलीकडे बघता बघता, माझ्या डोक्यात प्रकाश पडला. सत्तावन्न हजार सहाशे कधीच ओलांडून गेले होते! आता जे होईल ते फुकट. फक्त जेवणाचे एका वेळचे चारशे साठ. इतकी वर्षं हप्ते भरले, तो क्षण हा होता. मी उशीला टेकून बसलो आणि आपल्याला आणखी काय काय झालंय, याची यादी करायला लागलो. राउंडला डॉक्टर आले.

“टाके कसे आहेत?”

“चिकु-चिकु,” मी सराईतपणे म्हणालो. “पण डॉक्टर, तेवढ्यात हा उजवा गुडघाही बघता? जिना चढताना करकर वाजतो. आणि डाव्या कानात अधूनमधून वारा भरतो. शिवाय पित्त, ते जुनं आहे, पण इथे जुनं चालतं ना?”

डॉक्टरांनी सगळं शांतपणे ऐकलं, वाकले, आणि म्हणाले, “ते दुसरे विभाग आहेत. वेळ घेऊन पुढच्या महिन्यात या.”

पुढच्या महिन्यात!

२०२२च्या ऑक्टोबरात कायदा आणखी खाली आला. शंभरावर माणसं असलेल्या कंपन्यांनी आठवड्याला वीस तास काम करणाऱ्यालाही नोकरदार विम्यात घ्यायचं. आमच्या कंपनीने माणसं मोजली, पुन्हा मोजली, पण ती शंभरावरच भरली. मी शाकाई होकेनमध्ये गेलो. पहिली पगारचिठ्ठी बायकोला पाठवली.

“अहो, हा पगार कमी का दिसतोय?”

“विमा आणि पेन्शन आधीच कापून घेतात आता.”

“निम्मं मालक भरतो म्हणालात ना?”

“भरतो ना.”

“मग मालकाचं निम्मं कुठे दिसतंय यात?”

“ते त्याच्या चिठ्ठीत असेल.”

“आठ वर्षं रडलात ते यासाठी?” ती म्हणाली. गणिताची बाई आहे, तिला कोण समजावणार.

गेल्या महिन्यात कराडहून एका मुलीचा फोन आला. बी.एड. झालेली, जपानला इंग्रजी शिकवायला निघालेली, आवाजात उत्साह मावत नव्हता. माझा नंबर विमाकाकांनी दिला म्हणाली. काका अलीकडे ‘आमचे जपानचे क्लायंट’ म्हणून माझं नाव गल्लीबाहेरही सांगतात, हे मला माहीत होतं.

“सर, करारात एक गंमत वाटली म्हणून विचारते. आठवड्याचे तास लिहिलेत साडेएकोणीस. वीसच का नाही लिहिले?”

मी थोडा वेळ गप्प राहिलो.

“सर? जपानी लोक वक्तशीर असतात म्हणून का?”

“काकांची पॉलिसी घेतलीस का?” मी विचारलं.

“हो, कालच सही केली. दात, डोळे काही नाही त्यात. पण बॉडी फुकट आहे म्हणाले.”